दूधवाल्यांनी काढलेली लसीची कंपनी
मैत्रिणींनो, लाळ्या-खुरकूत आला की जनावर लाळ गाळतं, खुरांत फोड येतात, दूध आटतं. देशी गाय बऱ्याचदा सावरते, संकरित गाय मात्र खचते. दूध महापूर योजनेत संकरित गायी वाढल्या, तशी ही धास्तीही वाढली. शेतकऱ्याला परवडेल अशी लस हवी, म्हणून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८२ साली हैदराबादेत इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी काढली. दूधवाल्यांनीच लस बनवावी, हे मला फार शहाणपणाचं वाटतं! त्यांची ‘रक्षा’ लस गोठ्यांत पोचली. पुढे जनावरांची इतर औषधं आली, माणसांसाठी रेबीजची लससुद्धा. २०१९ साली केंद्र सरकारने लाळ्या-खुरकुतावर मोफत लसीकरणाची मोहीम काढली. लसीचा जोर काही महिनेच टिकतो, म्हणून वर्षातून दोनदा टोचायची. दोन दिवस दूध घटेल म्हणून तेवढ्यापुरती गाय रानात नेणाऱ्या आपल्यातही आहेत.