कॉर्नियाच्या आजारावरची क्लिनिकल ट्रायल कशी शोधायची आणि त्यात भाग कसा घ्यायचा?

आमच्या वणी-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षबागेची छाटणी सुरू झाली की डोळ्याला काडी लागल्याच्या तक्रारीही सुरू होतात. काडीबरोबर बुरशी आत गेली, तर कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर व्रण होतो. तो भरला तरी पांढरा डाग राहू शकतो. आपण त्याला ‘फूल पडलं’ म्हणतो. अशा वेळी घरचे मला विचारतात, “नेटवर बघ ना, कुठे नवीन औषधाची ट्रायल चालू आहे का?”

बघता येतं, आणि फुकट बघता येतं. पण आधी एक गोष्ट.

व्रण असेल तर आधी डॉक्टर, मग मोबाईल

बुरशीचा व्रण दिवसागणिक वाढतो. वणीहून नाशिक गाठा आणि नेत्रतज्ज्ञाला दाखवा. व्रण खरवडून नमुना तपासला, तरच बुरशी आहे की जिवाणू ते कळतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणू नका, बुरशी असेल तर त्याने आजार बळावतो. केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं) किंवा कॉर्नियाचे आनुवंशिक आजार असतील, तर सहसा शोधायला निवांत वेळ मिळतो.

शोधायचं कुठे?

भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही म्हणजे ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया’, थोडक्यात सीटीआरआय. ती आयसीएमआरने 2007 मध्ये सुरू केली. 2009 पासून औषध नियंत्रकांनी इथली नोंदणी सक्तीची केली आणि एप्रिल 2018 पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. तिची साइट सर्वांसाठी खुली आहे. लॉगिन लागत नाही.

साइट इंग्रजीत आहे. ‘ट्रायल सर्च’मध्ये आजाराचं नाव टाका. स्पेलिंगची खात्री नसेल तर केसपेपरवरून जसंच्या तसं उतरवा. ‘केराटायटिस’, ‘कॉर्निअल अल्सर’, ‘केराटोकोनस’ असे वेगवेगळे शब्द एकेक करून टाकून बघा, कारण एकाच आजाराची नोंद कुणी कोणत्या नावाने केली असेल सांगता येत नाही.

नोंद उघडली की ती लांबलचक दिसते. मी आधी ‘रिक्रूटमेंट स्टेटस’ बघतो. तिथे ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ. मग ‘लास्ट मॉडिफाइड’ची तारीख बघा. दोन-तीन वर्षांत कुणी हात लावला नसेल, तर फोन करून खात्री केल्याशिवाय गाडीभाडं घालवू नका. ‘साइट्स ऑफ स्टडी’मध्ये दवाखान्यांची गावं असतात. चौकशीसाठी ‘पब्लिक क्वेरी’समोरच्या व्यक्तीला फोन करा.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे ‘इन्क्लुजन’ आणि ‘एक्सक्लुजन क्रायटेरिया’: कोणाला घेणार, कोणाला नाही. वय, नजर, व्रणाचा आकार, दुसऱ्या डोळ्याची स्थिती, आधी घेतलेली औषधं असं काहीही त्यात असू शकतं. म्हणून आधी घातलेल्या थेंबांच्या बाटल्या टाकून देऊ नका.

आणि हो, सीटीआरआयवर नाव आहे म्हणजे सरकारने औषध चांगलं असल्याचं सांगितलं, असं नाही. ती फक्त नोंद आहे. एथिक्स कमिटी आणि औषध नियंत्रकांच्या मंजुरीचे रकाने वेगळे आहेत, तेही बघा.

नवीन औषध म्हणजे चांगलं औषध?

याचं उत्तर भारतातल्याच एका ट्रायलमध्ये आहे. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत 2010 पासून बुरशीच्या व्रणावर ‘मट’ नावाची चाचणी झाली. 323 रुग्णांपैकी काहींना जुनं नॅटामायसिन दिलं, काहींना नव्या पिढीचं व्होरिकोनाझोल. कोणाला कोणतं मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. निकाल 2013 मध्ये आला आणि जुनं औषध जिंकलं, विशेषतः फ्युसेरियम बुरशीत. व्होरिकोनाझोलच्या गटात कॉर्नियाला भोक पडण्याचं किंवा तातडीने कॉर्निया बदलावा लागण्याचं प्रमाण जास्त होतं.

म्हणजे नवीन औषध मिळालेले रुग्ण इथे तोट्यात राहिले. हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तर चाचणी घेतली. ट्रायलमध्ये जाताना हे मनात पक्कं असू द्या. माझ्या मते, चालू उपचाराने डोळा सुधारत असेल तर केवळ ‘नवीन’ या शब्दापायी तो सोडू नये.

सही करण्याआधी

2019 च्या नियमांनुसार संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत असलं पाहिजे. मराठीत मागा. वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर ते वाचून, समजावून सांगावं लागतं. सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. नवीन औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली, तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे.

लाजू नका, विचारा: दुसऱ्या गटाला काय मिळणार? किती वेळा यावं लागेल? येण्याजाण्याचा खर्च कोण देणार? ट्रायल संपल्यावर औषध चालू राहील का? रात्री डोळा दुखला तर फोन कोणाला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून घ्या. एथिक्स कमिटीचा संपर्कही त्याच कागदांत असतो. एक प्रत मागून घ्या आणि केसपेपरच्या पिशवीतच ठेवा.

भाग घेण्यासाठी कुणी ‘नोंदणी फी’ मागत असेल तर पैसे देऊ नका. आधी त्याच्याकडून सीटीआरआय क्रमांक घ्या आणि साइटवर तो टाकून बघा.