शिकायला गेलेली शिक्षिका

कोलाडच्या नाक्यावर एस.टी. थांबली, की उतरणाऱ्यांत पाहुणा कोण हे मी अजून लांबून ओळखतो. गेल्या दिवाळीत माझी भाची उतरली, ती परदेशी जाण्याची बातमी घेऊनच. अध्यापनाचे शिक्षण घ्यायचे आणि तिकडच्या एका द्विभाषिक शाळेत वर्ग चालवून पाहायचा, असा तिचा बेत. चकली मोडता मोडता तिने विचारले, "मामा, आपल्याकडून असं पूर्वी कुणी गेलं होतं का हो?"

"पंडिता रमाबाई," मी म्हटले.

"त्या तर डॉक्टर व्हायला गेल्या होत्या ना?"

गेल्या होत्या खऱ्या. १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन ही विधवा बाई आगबोटीत चढली, तेव्हा वाटखर्चाला आधार होता तो 'स्त्रीधर्मनीती' या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीचा. पण कानांनी दगा दिला आणि वैद्यकीचा विचार सोडावा लागला. राहिली ती शिकवण्याची विद्या. तीही त्यांना नवी नव्हती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे पुण्यात साक्ष देताना त्यांनी शिक्षिका तयार करण्याचाच आग्रह धरला होता, आणि शिकवणाऱ्या बाईला आधी स्वतःची भाषा शुद्ध यावी, मग इंग्रजीही यावी, असे सांगितले होते.

इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम पडला. तेथे, हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचे आणि आपण इंग्रजी शिकायचे, असा व्यवहार होता. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून इकडे जे काहूर उठले ते सर्वश्रुतच आहे. पुढे १८८४ पासून चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या गणित, शास्त्र, इंग्रजी वाङ्मय शिकत आणि संस्कृत शिकवीत. विद्यार्थिनी आणि शिक्षिका एकाच छपराखाली!

मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना वाटले, या बाईने इंग्रज पुरुषांनाही आपल्या देशाच्या भाषा शिकवाव्यात. झाले! मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणे त्यांना अनुचित वाटले. रमाबाईंना याचे मोठे नवल वाटले. आपल्या आईने आणि आपण पुरुषांना शिकवण्यास ना वडिलांनी कधी आडकाठी केली, ना नवऱ्याने. आणि ती करावी इंग्रजांनी? त्यांनी तसे स्पष्ट लिहून कळवले. मला हे पत्र त्यांच्या सगळ्या पदव्यांहून मोलाचे वाटते.

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, आणि त्या शहराने त्यांना बालवाडी दाखवली. फ्रबेलची पद्धत त्या तेथे रीतसर शिकल्या, आणि त्या धर्तीवर मराठी शालेय पुस्तके करायला बसल्या. परमुलखात बसून आपल्या पोरींसाठी मराठी वाचनमाला! ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तेथे शिकलेली देवरुखची बालविधवा गोदूबाई पुढे १८९३ साली आनंदीबाई कर्वे झाली.

भाची ऐकत होती. मला मात्र माझी शाळा आठवली. नोकरीच्या पहिल्या वर्षी कोलाडजवळच्या एका वाडीवर मी कातकरी मुलांना मराठी पुस्तक वाचून दाखवी. एक मुलगा वर्षभर बोललाच नाही. मी त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा मारला. तो घरी कातकरी बोलतो आणि आपले पुस्तक त्याला परमुलखाचे आहे, हे माझ्या ध्यानात यायला तीन वर्षे गेली. तोवर तो शाळा सोडून आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला होता. द्विभाषिक शाळा माझ्यापुढेच बसली होती. मास्तर तेवढा एकभाषी होता.

हे मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही. पाडव्याला सकाळी मात्र म्हणाली, "त्या वाडीवर जाऊ या." तेथे अंगणात एका सात-आठ वर्षांच्या पोरीला तिने भांडे, कोंबडी, कुंडलिका नदीचे पाणी, एकेक दाखवून त्यांचे शब्द विचारले. पोरगी आधी लाजली. मग भाचीचा उच्चार ऐकून खो खो हसली, आणि एकच शब्द तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.