तळटीप : लांब नाकाची टाटा-मर्सिडीज

१७. टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ पासून जमशेदपुरात बांधलेला ट्रक. करार १९६९ मध्ये संपला आणि जाळीवरच्या तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी ‘टी’ आला. लेखकाचे काका दर दसऱ्याला घासूनपुसून लखलखीत करत तो हाच तारा. गाडी कधीची, हे त्यावरूनच कळते. इंजिन केबिनच्या पुढे बॉनेटखाली असल्याने उभ्याउभ्या दुरुस्ती होई. लोहा-अहमदपूरमार्गे नांदेडहून लातूरला भर उन्हात जाणाऱ्याला हे मोठेच सुख. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ नोंदणी दिली, पण व्यावसायिक वापर वर्ज्य ठेवून. तुरीची पोती वाहणाऱ्या काकांना ती काय कामाची!