उत्तर देणारा श्रोता

वृत्तपत्र वाचायचे तर अक्षरओळख हवी. आवाजाला ती अट नाही. नभोवाणीपासून आजच्या पॉडकास्टपर्यंत सर्व ध्वनिमाध्यमांचे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे. मात्र त्यांचा इतिहास लिहिताना आपण यंत्राचा आणि बोलणाऱ्याचा विचार करतो. ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची मुभा होती की नाही, हे सहसा विचारीत नाही. वऱ्हाडात तो प्रश्न आपोआप पुढे येतो.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. त्यावरील मूर्तिजापूरहून पुढे यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन दिशांना अरुंद रूळ पडले. टपाल, तार आणि वृत्तपत्रे या वाटेने आली आणि दूरच्या बाजारातील कापसाचे भाव व्यापाऱ्यांना कळू लागले. शेतकऱ्याला मात्र सावकाराचा कागददेखील वाचता येत नव्हता. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी मामाच्या घरी वाढलेल्या डेबूजी जानोरकर या मुलाने मामाची जमीन सावकाराच्या कर्जात जाताना पाहिली. १८७६ साली शेंडगावी जन्मलेला हा निरक्षर तरुण १९०५ साली घर सोडून निघाला आणि पुढे गाडगेबाबा झाला. मूर्तिजापुरात त्यांच्या प्रेरणेने गोरक्षण आणि धर्मशाळा उभी राहिली.

बाबांचे कीर्तन हे निरूपण कमी आणि जाबजबाब अधिक असे. देव किती, असे ते विचारीत. लोक म्हणत, एक. मग तुमच्या गावी खंडोबा आहे का, भैरोबा आहे का, अशी एकामागून एक पृच्छा होई आणि दर वेळी ‘आहे’ असे उत्तर येई. लोकांच्याच तोंडून लोकांचे गणित मोडत असे. कर्ज, दारू, पशुबळी, मुलांचे शिक्षण हे विषय याच रीतीने येत. श्रोत्याने उत्तर दिले नाही तर कीर्तन पुढे सरकणारच नाही, अशी ती रचना होती. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ साली बाबांचे चरित्र लिहिले. परंतु ही पद्धत कागदावर उतरविणे कोणत्याही लेखणीला अवघडच होते.

नभोवाणीची रीत निराळी. मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून १९३१ साली अकरावे पायस बोलले, तेव्हा पोपमहोदयांचा आवाज प्रथमच साऱ्या जगाला एकाच वेळी ऐकू आला. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. बातमी निरक्षराच्या अंगणात आली, हा उपकार लहान नाही. पण श्रोत्याला उत्तर द्यायचे तर पोस्टकार्ड लिहावे लागे. म्हणजे अक्षरओळख पुन्हा आलीच! पुढे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरविली. खासगी एफएम केंद्रे निघाली, तरी त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळाली नाही. आकाशवाणीचे वार्तापत्र जसेच्या तसे ऐकविण्यापुरतीच परवानगी मिळाली. अमेरिकेत श्रोत्यांच्या दूरध्वनींवर चालणाऱ्या राजकीय चर्चांची नभोवाणी फोफावली, तशी आपल्याकडे रुजली नाही, त्याचे एक मोठे कारण हे आहे. बातमीवरील मोकळे बोलणे आपल्या कानावर आले ते बव्हंशी पॉडकास्टमधून. हा शब्दच मुळी २००४ सालचा. त्यातही बहुधा दोन जाणकार एकमेकांशी बोलतात आणि आपण ऐकतो.

ध्वनिफितीने मात्र एक वेगळी गोष्ट केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर आठवडाभराने, ८ नोव्हेंबरला, मुंबईतील वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित करण्यात आले. राजधानीत वऱ्हाडी बोली निःसंकोच दुमदुमली. त्यानंतर ४२ दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावनजीक बाबांचे निधन झाले. ते मुद्रण आज भ्रमणध्वनीवर ऐकता येते. बाबा प्रश्न विचारतात, आणि १९५६ सालचा तो जमाव अजूनही एका आवाजात उत्तर देतो.