केळीचीं नांवें आणि शब्दांची फसवी सोयरीक

तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या रावेर तालुक्यांत केळीचे बाग हा शेतकऱ्याचा मोठा आधार. रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांवरून हें फळ पिढ्यान् पिढ्या उत्तर हिंदुस्थानांत जात आलें आहे. घड कापणारा मजूर त्याला 'केयी' म्हणतो, शिकलेला 'केळी' म्हणतो, उत्तरेकडचा व्यापारी 'केला' म्हणतो आणि परदेशीं जाणाऱ्या पेटीवर 'बनाना' असें छापतात. यांपैकीं पहिलीं तीन नांवें एका घरचीं. चौथें मात्र परक्या घरचें. त्या 'बनाना'चा हिंदींतील 'बनाना' या क्रियापदाशीं संबंध नाहीं, हें शाळकरी मुलासही समजतें. परंतु अशाच सादृश्यानें मोठमोठे विद्वान् चकले आहेत.

संस्कृत 'कदली' या शब्दांतील 'द' प्राकृतांत गळाला व 'केली' असें रूप झालें. दोन स्वरांमधील एकेरी 'ल' मराठींत 'ळ' होतो. 'फल' याचें फळ झालें, 'कमल' याचें कमळ झालें, तसें केळ झालें. उलट 'फुल्ल' यांत 'ल' दुहेरी होता म्हणून फूल राहिलें, 'फूळ' झालें नाहीं. खानदेशी बोलींत पुढें 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो डोया, काळा तो काया, तशी केळी ती केयी. खेडवळ म्हणून हिणवलेला हा उच्चारही असा नियमानें चालतो. शब्दांचें नातें ओळखावयाचें तें अशा नियमांवरून, चेहऱ्यावरून नव्हे.

युरोपांत याकोब ग्रिम या जर्मन पंडितानें १८२२ सालीं असाच एक नियम मांडला. संस्कृत व लॅटिन यांतील आरंभींचा 'द' इंग्रजींत 'ट' होतो. आपलें 'दश', लॅटिन 'डेकेम', इंग्रजी 'टेन'. आपलें 'द्वि', लॅटिन 'डुओ', इंग्रजी 'टू'. आतां लॅटिनमध्यें दिवसाला 'डिएस' म्हणतात आणि इंग्रजींत 'डे'. अर्थ एक, आरंभ एक. कोणीही सख्खे भाऊ म्हणेल. पण सख्खे असते तर इंग्रजी शब्द 'ट'नें सुरू झाला असता. 'डिएस' हा आपल्या 'दिन', 'देव' यांचा भाऊबंद. 'डे' निराळ्या कुळांतला. या कुळाची खरी इंग्रजी शाखा 'ट्यूजडे' या वारांत लपली आहे, कारण त्यांतील 'टिव्' या जुन्या दैवताचें नांव व आपला 'देव' एकाच मुळाचे!

'बनाना' शब्दाची कथा याहून मौजेची. अरबींत 'बनान' म्हणजे बोटें. फणींतलीं केळीं पाहिलीं कीं हाताचीं बोटेंच आठवतात; तेव्हां अरबी बोटांवरून हें नांव पडलें, ही उपपत्ति पुष्कळांस पटली. परंतु इतिहास निराळी साक्ष देतो. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला व १५६३ सालीं तेथेंच त्यानें औषधी वनस्पतींवर संवादरूप ग्रंथ छापला. केळ्यांना तो 'हिंदुस्थानचीं अंजिरें' म्हणतो, आणि गिनी देशांत त्यांस 'बनाना' म्हणतात असें नमूद करतो. शब्द पश्चिम आफ्रिकेचा व तो पोर्तुगीज गलबतांतून जगभर गेला, असा आज बहुतेकांचा निर्णय आहे. तो पक्का करण्यास गोव्यांत छापलेलें एक वाक्य उपयोगी पडावें, ही आपल्याकडील अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट होय.

शास्त्रीय नांवाचीही तीच गत. लिनीयसनें १७५३ सालीं केळीस 'म्युझा' या गणांत नोंदलें. रोमन बादशहा ऑगस्टस याच्या अँटोनियस म्युझा या वैद्यावरून तें नांव पडलें असें कोणी सांगतात. पण अरबींत केळ्याला 'मौझ' म्हणतात, हें मूळ अधिक सरळ. अमरकोशांत कदलीचें 'मोचा' असें एक नांव आहे व तें 'मौझ'शीं जोडण्याचा मोह अनेकांस झाला आहे. येमेनांतील मोखा बंदराच्या कॉफीशीं मात्र तें कोणी जोडूं नये.

खानदेशांत हा विषय नवा नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं अखेरचीं वर्षें धुळ्यास काढलीं, १९२६ सालीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें, व त्यांचा 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' मागाहून प्रसिद्ध झाला. त्यांची बुद्धि अचाट. तरी त्यांच्या कित्येक व्युत्पत्ति पुढील अभ्यासकांनीं मान्य केल्या नाहींत, कारण मूळ संस्कृतांतच शोधण्याचा त्यांचा ओढा फार.

शब्दांची ही फसगत भाषांतरकाराला प्रत्यक्ष भोंवते. इंग्रजींत 'प्लँटेन' असे दोन शब्द आहेत. एक केळीच्या जातीचें नांव, स्पॅनिश भाषेंतून आलेलें. दुसरें रस्त्याकडेच्या एका बारक्या तणाचें, तळपाय या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलेलें, कारण त्याचीं रुंद पानें जमिनीशीं चिकटून असतात. आपला इसबगोल याच दुसऱ्या प्लँटेनच्या गणांतला. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकांत फुटलेल्या नडगीवर प्लँटेनचें पान चांगलें, असें रोमिओ म्हणतो. तेथें मराठींत 'केळीचें पान' असें लिहिलें, तर बिचाऱ्याची नडगी रावेरच्या पंक्तींतील पानांत गुंडाळली जाईल.