धाव, डनलॉप आणि आमची हायब्रिड

राजघराणी आणि टायर यांचा इतिहास माणसाला ती झिजायला लागल्यावरच सुचतो. आमच्या हायब्रिड गाडीचे पुढचे दोन टायर गुळगुळीत झाले, पाऊस तोंडावर आला आणि दुकानदाराने आकडा सांगितला, तेव्हा मी इतिहासाकडे वळलो. तो फुकट असतो.

आमच्या डहाणूकडे चाक आधी लोखंडाचेच. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लालबुंद धाव चढवी, वर पाणी ओती, की ती आकसून चाकाला घट्ट बसे. (धाव म्हणजे लोखंडी पट्टी. पळण्याशी तिचा काही संबंध आहे, हे बैलांनी कधीच मान्य केले नाही.) १८६४ साली मुंबई-अहमदाबाद आगगाडी जोडली गेली, तीही लोखंडावर लोखंड. लोखंड दबत नाही, म्हणून आगगाडीला फार जोर लागत नाही. रबर दबते. त्यामुळे बसणाऱ्याला सुख आणि ओढणाऱ्याला ताप! टायरचे सगळे भांडण एवढ्यावरच आहे.

हवेचे चाक पहिल्यांदा सुचले रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाला, १८४५ साली. पेटंटही घेतले बिचाऱ्याने. पण तेव्हा मोटार नव्हती, धड सायकलही नव्हती. वरात निघायच्या आधीच बँड वाजून गेला. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला रबरी नळी बसवली आणि नाव त्याचे झाले. पुढे थॉमसनमुळे त्याचे पेटंट बाद ठरले, पण नाव काही गेले नाही. स्टेपनीचेही तसेच. वेल्समधल्या लनेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे, तिथे १९०४ मध्ये जादा चाक विकू लागले. इंग्रज तो शब्द विसरले, आम्ही डिकीत जपून ठेवला.

मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायर काढला, १९९२ मध्ये सिलिका घालून कमी ओढीचा टायर काढला, आणि १९९७ मध्ये जपानात पहिली प्रियस आली. हायब्रिडची गंमत अशी, की ब्रेक दाबला की वाया जाणारी बरीच शक्ती बॅटरीत परत जाते. टायरने दबून-फुगून जी खाल्ली, ती मात्र उष्णता होऊन गेली ती गेलीच. म्हणून कमी ओढीचा टायर हवा. तो महाग. स्वस्तातला ओढ खातो, म्हणजे पैसे दुकानात नाही तर पंपावर द्यायचेच.

तलासरीचा आमचा मेहुणा म्हणाला, “भाऊजी, रिमोल्ड घाला की. हायवेवर ट्रक चालतातच ना?”

“अरे, ट्रकात तुझी भाची बसत नाही.”

लेक रोज तलासरीच्या शाळेत शिकवायला जाते. जुलैत महामार्गावर ट्रकांनी उडवलेल्या पाण्यात तिला ॲव्हरेज नको, ओल्यात पकड हवी. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने टायर संपला. मला विचाराल, तर आपल्याकडच्या पावसात तो त्याच्या बराच आधी संपतो.

मग दोनच घेतले, मधल्या किमतीचे. माप तेच, २१५/६० आर १७. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! बॅटरीमुळे गाडी वजनदार, म्हणून भाराचा आकडाही कमी चालत नाही. कडेवरचा तारखेचा आकडाही चष्मा लावून वाचला. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानात जुना पडून राहिलेला टायर स्वस्त मिळतो, पण रबर बसल्या बसल्याही म्हातारे होते.

“नवे पुढे टाका, इंजिन पुढे आहे,” मेहुणा म्हणाला.

मी मागे टाकायला लावले आणि मागचे, बऱ्या नक्षीचे, पुढे. ओल्यात पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हातात असते. मागची घसरली तर गाडीच फिरते. मेहुण्याला अजून पटलेले नाही. लग्नकार्यात तो पाहुण्यांना बाहेर नेऊन मागची चाके दाखवतो.

उरली हवा. ती कमी झाली की चांगला टायरही ओढ खातो, आणि मोजायची ती टायर थंड असताना. म्हणून दर रविवारी सहाला मी पंपावर हजर. तिथला पोरगा डोळे चोळत विचारतो, “काका, परत?”