उसनी दृश्ये, उसने भय
सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाच्या १९१३ सालच्या कादंबरीतील खलनायक फू मांचू हे ‘पीत संकटा’च्या साम्राज्यकालीन भयाचे मूर्त रूप होय. निर्माता हॅरी ॲलन टॉवर्स याने १९६५ ते १९६९ या काळात त्याच्यावर पाच चित्रपट काढले. पाचही चित्रपटांत ही चिनी भूमिका ख्रिस्तोफर ली या इंग्रज नटाने रंगभूषेच्या साहाय्याने वठवली. जेस फ्रँको दिग्दर्शित अखेरच्या ‘द कॅसल ऑफ फू मांचू’मधील जहाज बुडण्याची दृश्ये ‘अ नाइट टु रिमेंबर’ (१९५८) या टायटॅनिकवरील चित्रपटातून उचललेली आहेत. ही काटकसर सूचक आहे. साम्राज्य ओसरले, तरी त्याने जोपासलेले भय जुन्या चित्रफितीप्रमाणे पुन्हा वापरता येत होते. त्या भयाला गिऱ्हाईक असेतो असा खलनायक मरत नाही. किंमत मात्र ज्यांचा चेहरा त्याला उसना दिला जातो, त्या समाजाला मोजावी लागते.